जुन्या फियाटचं दार नीट का लागत नाही? रंगाच्या आधीचं किचकट काम समजून घ्या

जुनी गाडी नवी करतानाची रील्स तुम्ही पाहिली असतील. गंजलेली फियाट, मग एक कट, आणि पुढच्याच फ्रेममध्ये चकचकीत रंगातली तीच गाडी. या दोन फ्रेम्सच्या मध्ये जे महिने जातात, त्यातला मोठा वाटा रंगाचा नसतो. दारं, बॉनेट, मडगार्ड आणि डिकी एकमेकांशी जुळवण्यात तो जातो. पैसे वाया जातात तेही बहुतेक वेळा इथेच.

बारामतीला गाडीचा पत्रा नवा नाही. एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे, आपे रिक्षा आणि व्हेस्पा तिथून बाहेर पडतात. अशा कारखान्यात प्रत्येक भाग साच्यातून निघतो आणि ठरलेल्या सांगाड्यात पकडून जोडला जातो. म्हणून एका गाडीचं दार दुसरीला बसतं. शेजारच्या जळोचीत एखाद्या शेडमध्ये साठ वर्षांची गाडी उघडून बसलात, तर ही सोय विसरा. त्या काळात शेवटचा मेळ हाताने, ठोकून-वाकवून घातला जायचा. भंगारातून 'सेम टू सेम' दार आणलं तरी ते लगेच बसेलच असं नाही.

डुक्कर फियाटचा मधला खांब

उदाहरण घेऊ 'डुक्कर फियाट'चं. फियाट ११०० च्या जुन्या गोलसर मॉडेलला आपल्याकडे पडलेलं हे नाव. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही गाडी बनवायची. याच घराण्यातून पुढे प्रीमियर पद्मिनी आली, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झालेली काळी-पिवळी.

डुक्कर फियाटचं पुढचं दार उलटं उघडतं. त्याच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर आहेत, आणि मागच्या दाराच्याही त्याच खांबावर. एका खांबाला दोन दारं लटकलेली! त्यात या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. खांबाचा पाय टेकतो दाराखालच्या लांब पोकळ पट्टीवर, तिला सिल म्हणतात. पाणी आणि चिखल साचून सगळ्यात आधी सडते ती हीच.

सिल सडली की गाडी मधोमध बसते. मग दाराभोवतीची फट वर कमी, खाली जास्त अशी पाचरीसारखी दिसू लागते. अशा वेळी दार तासून काही होत नाही, कारण दोष दारात नसतोच. फटीत पुटी भरून ती सरळ दाखवणं तर आणखी वाईट. जुनी गाडी विकत घेणार असाल तर खिशात छोटा लोहचुंबक ठेवा. जाड पुटीवर तो चिकटत नाही.

कापण्याआधी आधार

सिल बदलायची तर आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरके पाइप तात्पुरते वेल्ड करावे लागतात, आणि एका वेळी एकच बाजू कापावी लागते. हे न करता दोन्ही बाजू कापल्या तर बॉडी वाकते. नवी पट्टी त्या वाकड्या स्थितीतच वेल्ड झाली, तर पुढे कितीही कुशल डेंटर आणा, दारं जुळत नाहीत. माझ्या मते सगळ्या कामातली ही एकमेव न परतणारी चूक. बाकी सगळं सुधारता येतं.

दारं बसवताना गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर आणि शक्यतो इंजिनसह उभी हवी. इंजिन काढलेल्या गाडीत जुळवलेली फट, वजन आल्यावर बदलू शकते.

मग क्रम. जो भाग वेल्ड केलेला आहे, हलणार नाही, तिथून सुरुवात करायची. म्हणजे मागच्या चाकावरच्या पत्र्याला मागचं दार जुळवा, त्याला पुढचं दार, त्याला मडगार्ड (बोल्टाचं असेल तर), आणि शेवटी बॉनेट. घाईत लोक बॉनेटपासून सुरू करतात, कारण समोरून तेच दिसतं.

दार उघडून त्याचं टोक हाताने वर उचलून पाहा. खडखडलं तर बिजागरीची पिन आणि बुश झिजलेत, ते आधी बदला. मग बिजागरीमागे पातळ चकत्या घालून दार आत-बाहेर आणता येतं. चार-पाच मिलिमीटरची सारखी फट मिळाली तर उत्तम समजा. लॉक ज्यात अडकतं तो खांबावरचा भाग सगळ्यात शेवटी. बंद होताना दार त्यावर चढून वर उचललं जात असेल, तर दार अजून लोंबतंय.

रंगाआधी एकदा नवं रबर लावूनही पाहायलाच हवं. जाड रबर दाराला बाहेर ढकलतं, आणि ते रंगानंतर कळलं तर ताज्या रंगाचे टवके उडतात.

जीपचं गणित वेगळं. तिथे बॉडी चासीवर रबराच्या गाद्यांवर बसते, त्यामुळे एका कोपऱ्यात चकती वाढवली तरी फट हलते.

हौस आणि नियम

छप्पर कापून गाडी 'कस्टम' करायची असेल तर थांबा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. गंजलेली सिल मूळ मापाची बसवणं म्हणजे दुरुस्ती. छप्पर उडवलंत की ही वाट बंद होऊ शकते.

साध्या नोंदणीवरही सुटका नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्यामुळे कटर चालवण्याआधी आरसी बुक काढून आरटीओत एक चक्कर मारा. आणि सुट्या केलेल्या प्रत्येक भागाचे फोटो काढून ठेवा, चकत्या कुठल्या बिजागरीमागे किती होत्या त्यासकट.