कानातली वीज आणि तोलाचा शोध

20 मार्च 1800 रोजी इटलीतल्या कोमोहून अलेस्सांद्रो व्होल्टाने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना एक लांबलचक पत्र लिहिले. चांदीच्या आणि जस्ताच्या चकत्या एकावर एक, मधेमधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे. जगातल्या पहिल्या बॅटरीची ही जन्मपत्रिकाच. चित्र शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी पाहिलेले असते. पत्रात पुढे काय आहे ते मात्र शाळेत सांगत नाहीत. व्होल्टाने जीभ, डोळे, त्वचा अशी आपलीच इंद्रिये त्या चळतीला जोडून पाहिली. दोन्ही कानांत धातूच्या सळया घालून तीस-चाळीस जोड्यांचा प्रवाह सोडला, तेव्हा डोक्यात धक्का बसला आणि काहीतरी दाट रटरटत उकळावे तसा आवाज येऊ लागला. धक्का धोक्याचा वाटला म्हणून त्याने हा प्रयोग पुढे आवरता घेतला.

तोलाच्या विद्युत-इतिहासाची सुरुवात पुष्कळदा या उताऱ्यापासून करतात. मला ते पटत नाही. व्होल्टाने आवाज लिहिला आहे, भोवळ लिहिलेली नाही. डोक्यातून प्रवाह सोडला की माणूस गरगरतो ही नोंद त्याच्यामागून आली, आणि 1820 साली बोहेमियाच्या यान पुर्किन्येने स्वतःवर प्रयोग करून तिच्याकडे नीट लक्ष दिले. पण भोवळीचे घर त्याने मेंदूत शोधले. कानाकडे त्याचे बोट गेले नाही.

ते कुणाचे जाणार? इंद्रिये पाच, हे युरोपातही ठरलेले होते आणि आपल्याकडेही. मराठीत चक्कर, भोवळ, घेरी, गरगरणे, झोक जाणे असे शब्द भरपूर आहेत, पण ज्या इंद्रियात बिघाड झाला की हे सारे होते, त्याला बोलीत नाव नाही. चालू असताना ते जाणवतच नाही, मग नाव ठेवणार कोण?

फ्लूरांसने 1820च्या दशकात कबुतरांच्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका कापल्या. पक्षी भेलकांडू लागले, बहिरे झाले नाहीत. 1861 साली पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतल्या प्रॉस्पर मेनिएरने सांगितले की काही रुग्णांची भोवळ मेंदूतून नव्हे, आतल्या कानातून येते. शेवटचा दुवा 1873 ते 1875 या काळात तिघांनी स्वतंत्रपणे जोडला : एर्न्स्ट माख हा भौतिकशास्त्रज्ञ, क्रम ब्राउन हा एडिंबराचा रसायनशास्त्रज्ञ आणि योसेफ ब्रॉयर हा व्हिएन्नाचा खासगी दवाखाना चालवणारा डॉक्टर. डोके वळले की नलिकांतला द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून वळण कळते, असे तिघांचेही म्हणणे. पुढे फ्रॉइडचा सहकारी म्हणून ब्रॉयरचे नाव झाले. त्याचे कानावरचे काम मला त्याहून मोलाचे वाटते.

मधे एक गंमत घडली. बर्लिनमध्ये एदुआर्द हिट्झिग रुग्णांच्या डोक्याला वीज लावत असे. कानामागे विद्युतद्वार ठेवले की त्यांचे डोळे आपोआप हलत. हे मेंदूमुळे होत असावे असे धरून त्याने आणि फ्रिट्शने 1870 साली कुत्र्याच्या मेंदूवर प्रयोग केले, आणि हालचालींचे केंद्र सापडले. डोळे बहुधा कानामुळे हलत होते! हिट्झिगने नंतर त्या भोवळीचाही अभ्यास केला. माणूस धनाग्राच्या बाजूला झुकतो, हे निरीक्षण तेव्हापासून पक्के आहे.

कारण असे. तोलाच्या मज्जातंतूंतून विसाव्यातही संदेशांची टपटप चालू असते. ऋणाग्राच्या बाजूला ती वाढते, धनाग्राच्या बाजूला मंदावते. मेंदूला वाटते, आपण ऋणाग्राकडे कलंडतोय. तो सावरायला म्हणून शरीर उलट दिशेला नेतो. एवढ्यासाठी एखादा मिलिअँपिअर पुरतो. 2005 साली जपानच्या एनटीटी कंपनीच्या संशोधकांनी याच युक्तीने चालत्या माणसाला दुरून डावी-उजवीकडे वळवून दाखवले. लोकांनी कौतुक केले. मला ते पाहून अंगावर काटा आला.

आता या विषयाकडे मी का वळलो ते सांगतो. माझ्या वडिलांना तरुणपणी क्षयासाठी कित्येक महिने स्ट्रेप्टोमायसिन टोचले होते. क्षय गेला. पुढे आयुष्यभर ते अंधारात भिंत धरून चालत. शेताच्या बांधावरून जाताना झोक जाई. गावात काहींना वाटे, मास्तर घेतात. वडिलांनी कधी खुलासा केला नाही, कारण त्यांनाही कारण ठाऊक नव्हते. 1952 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात जे. सी. एवढीच आद्याक्षरे लिहून एका डॉक्टरने हाच अनुभव मांडला होता. गुडघ्याच्या क्षयावर घेतलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने त्याचा तोल गेला. नाडीच्या ठोक्यासरशी पानावरची अक्षरे उडत, म्हणून खाटेच्या दोन गजांत डोके अडकवून तो वाचायचा. ते वाचले तेव्हा वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती.

पाडणारी वीज सावरू शकेल का? इथे एक उलटीच कल्पना कामी आली. वाणी तराजूच्या दांडीला टिचकी मारतो, म्हणजे अडकलेली दांडी हलक्या वजनालाही हलते. तसा अगदी बारीक, माणसाला जाणवणारही नाही असा अनियमित प्रवाह कानामागून सोडला, तर थकलेल्या तंतूंना एरवी निसटणारे संकेत पकडता येतात. टोकियोच्या शिनिची इवासाकी आणि सहकाऱ्यांनी 2014 साली दाखवले की दोन्ही कानांचा तोल गेलेल्या रुग्णांचे उभे असतानाचे डोलणे यामुळे कमी होते. अंतराळातून परतलेल्यांच्या डळमळण्यावर उपाय म्हणून नासातही हे तपासले गेले. मात्र टिचकी मारायला दांडी शिल्लक हवी. जिथे संवेदक पेशी पार जळून गेल्यात, तिथे ही युक्ती कितपत चालणार? आणि घरी बॅटरी घेऊन हे करून पाहायचे नाही, हेही सांगून ठेवतो.

पार जळलेल्यांसाठी वेगळी वाट आहे : शस्त्रक्रियेने तारा थेट आतल्या कानात बसवून डोक्याच्या हालचालीप्रमाणे मज्जातंतूला ठोके द्यायचे. जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने 2021 साली अशा 8 रुग्णांचा अहवाल छापला. त्यात औषधाने तोल गमावलेले रुग्णही होते. त्यांचे उभे राहणे आणि चालणे एकूण सुधारले. ज्या कानात यंत्र बसवले, त्या कानाने मात्र ऐकू येणे कमी झाले.