टपालानें शिकविलेला सलोखा

भंडाऱ्याहून पूर्वेकडे निघालें कीं शहर संपतां संपतां वैनगंगा लागते, आणि पलीकडच्या तीरावर कारधा हें गांव दिसूं लागतें. नागपूर-रायपूरचा हमरस्ता येथेंच नदी ओलांडतो. येथील जुना ठेंगणा पूल मोठ्या पुरांत पाण्याखालीं जातो. इ. स. २०२० च्या ऑगस्टअखेर जो महापूर आला, त्यांत भंडारा शहरांत व कांठच्या गांवांत पाणी शिरलें होतें. अशा दिवसांत तीरावर उभें राहिलें म्हणजे पुलाची खरी किंमत कळते. पूल बांधण्याची विद्या सातासमुद्रांपलीकडून आली तरी चालतें. परंतु बांधलेल्या पुलावरून ये-जा करावयाची ती मात्र दोन्ही तीरांवरील शेजाऱ्यांनींच. आज ज्या विषयाकडे मी वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, त्याचें मर्महि मला याच गोष्टींत दिसतें.

विषय आहे आफ्रिकेंतील कलहांचा आणि ते मिटविण्यासाठीं दुरून दिल्या जाणाऱ्या शिक्षणाचा. गेल्या दोन पिढ्यांत त्या खंडांतील अनेक देश यादवी युद्धांनीं होरपळून निघाले. शाळा मोडल्या, शिक्षक परागंदा झाले, आणि ज्यांनीं एकमेकांचीं घरें जाळलीं त्यांनाच पुन्हां शेजारीं राहणें प्राप्त झालें. अशा ठिकाणीं टपाल, नभोवाणी व अलीकडे संगणक यांच्या द्वारां सलोख्याचे पाठ पोंचवावे, असा प्रयत्न अनेक संस्था करीत आहेत. यावर एक आक्षेप सहज सुचतो. गणित किंवा कायदा दुरून शिकवितां येईल. पण शेजाऱ्याचा राग गिळावा कसा, हें कोणी कागदावरून शिकतें काय? प्रश्न नवा दिसतो खरा. परंतु त्याचा पहिला प्रयोग शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं आफ्रिकेच्याच भूमीवर झाला, आणि त्यांत एका मराठी शिक्षकाचा मोठा वांटा होता.

दक्षिण आफ्रिकेंत नाताळच्या उंसाच्या मळ्यांवर राबण्यासाठीं इ. स. १८६० पासून हिंदी मजूर करारानें नेले जात. यांनाच 'गिरमिटिये' म्हणत. करार संपल्यावर जे तेथेंच राहूं इच्छीत त्यांच्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसविण्यांत आला. त्यांच्या मागोमाग गेलेल्या व्यापाऱ्यांनाहि परवाने, वस्ती, प्रवास यांबाबत पदोपदीं अपमान सोसावा लागे. हा समाज विखुरलेला, बहुभाषी आणि बहुतांशीं निरक्षर होता. त्याला एकत्र आणणार कसें? ४ जून १९०३ रोजीं डर्बन येथें 'इंडियन ओपिनियन' हें साप्ताहिक इंग्रजी, गुजराती, हिंदी व तमिळ अशा चार भाषांत निघूं लागलें, तें याच गरजेंतून. पुढल्या वर्षीं मोहनदास करमचंद गांधींनीं त्याचा छापखाना डर्बनजवळच्या फिनिक्स येथील आपल्या नव्या वसाहतींत हलविला.

वरवर पाहतां हें एक वर्तमानपत्र. वास्तविक ती एक शाळा होती. कायद्याचें कलम काय आहे, अर्ज कसा करावा, तुरुंगांत कसें वागावें, प्रतिपक्षाचें म्हणणें खोटें न पाडतां कसें मांडावें, हें सर्व त्यांत आठवड्यामागून आठवडा शिकविलें जाई. या शाळेंत गृहपाठहि असे. इ. स. १९०७ मध्यें निःशस्त्र प्रतिकाराच्या नीतीवर निबंध लिहिण्यासाठीं वाचकांना बक्षीस लावण्यांत आलें. लढ्यासाठीं स्वदेशी नांव सुचविण्याचेंहि त्यांना आवाहन झालें. मगनलाल गांधींनीं 'सदाग्रह' हा शब्द सुचविला. त्यांत फेरफार होऊन 'सत्याग्रह' हा शब्द जन्मास आला. जगाच्या कोशांत जाऊन बसलेला हा शब्द अशा रीतीनें एका दूरस्थ वर्गांतील विद्यार्थ्याच्या उत्तरांतून निघाला आहे!

पत्राचे वर्गणीदार अगदीं भरभराटीच्या काळांतहि साडेतीन हजारांच्या आसपासच होते. परंतु वर्गणीदार आणि वाचक यांत फरक असतो. अंक आला कीं एकजण तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानें वाची व बाकीचे भोंवतीं बसून ऐकत, असें गांधींनीं नमूद करून ठेविलें आहे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; कारण पुढें तिचेंच महत्त्व दिसून येईल. पाठ दुरून येई, परंतु तो घेणारा एकटा नसे. ऐकणाऱ्यांत वाद होत आणि अखेरीस तुरुंगांत जावयाचें कीं नाहीं, हें ती मंडळी परस्परांच्या साक्षीनें ठरवीत.

आतां त्या मराठी शिक्षकाकडे वळूं. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची ओळख आपणांस राजकारणी म्हणून आहे. पण त्यांचा पिंड मास्तराचा. फर्ग्युसन महाविद्यालयांत व डेक्कन एज्युकेशन सोसायटींत मिळून त्यांनीं सुमारें वीस वर्षें शिकविलें, आणि त्यांचें अंकगणित ज्या मुलांनीं सोडविलें त्यांतील बहुतेकांनीं त्यांचें तोंडहि पाहिलें नव्हतें. इ. स. १८९६ मध्यें पुण्यास गांधींची व त्यांची पहिली भेट झाली. तेव्हांपासून सुमारें अठरा वर्षें हें गुरुशिष्यांचें नातें मुख्यतः पत्रांवर व पुढें तारांवर चाललें. नाताळला गिरमिटिये पाठविणें बंद करावें हा गोखल्यांचा ठराव वरिष्ठ कायदेमंडळानें इ. स. १९१० मध्यें मान्य केला. इ. स. १९१२ च्या मार्चांत मात्र गिरमिटाची पद्धति सर्वत्रच बंद करण्याचा त्यांचा ठराव नामंजूर झाला, आणि त्याच महिन्यांत त्यांचें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयकहि ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. अशा दुहेरी पराभवाच्या वर्षीं, प्रकृति खालावलेली असतांना, हा गृहस्थ आफ्रिकेच्या प्रवासास निघाला.

२२ ऑक्टोबर १९१२ रोजीं गोखले केपटाउन येथें उतरले. या दौऱ्यांतील एक प्रसंग मराठी वाचकांस विशेष गोड वाटेल. सभांतून गोखल्यांनीं इंग्रजीऐवजीं मराठींत बोलावें, असा आग्रह गांधींनीं धरला. श्रोत्यांत कोंकणी मुसलमान होते, थोडे महाराष्ट्रीय होते. उरलेल्यांसाठीं आपण हिंदुस्थानींत भाषांतर करूं, असें ते म्हणाले. गोखले हंसले. तुमची हिंदुस्थानी कितपत आहे तें मला ठाऊक आहे, आणि हें मराठीचें अगाध ज्ञान तुम्हीं मिळविलें कोठें, असा त्यांच्या थट्टेचा रोख होता. तरीहि त्यांनीं तें मानलें, आणि झांझिबारपर्यंत देशबांधवांपुढील आपलीं भाषणें मराठींतच केलीं. 'इंडियन ओपिनियन'च्या चार भाषांत जिला स्थान नव्हतें, त्या आपल्या भाषेनें आफ्रिकेच्या किनाऱ्यावर असा प्रवेश केला. माणसाच्या अंतःकरणांत शिरावयाचें तर त्याच्या मायबोलीच्या दारानें, ही शिक्षणशास्त्रांतील पहिली गोष्ट यांत आली.

तीन पौंडांचा कर रद्द होणार, अशी मंत्र्यांच्या बोलण्यावरून गोखल्यांची खात्री झाली होती. गांधींची झाली नव्हती. शिष्याचा संशय खरा ठरला. कर राहिला, आणि ६ नोव्हेंबर १९१३ रोजीं २०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुलें यांचा तांडा सरहद्द ओलांडून ट्रान्सव्हालांत शिरला. इकडे आजारी गोखल्यांनीं देशभर निधि जमविला आणि अँड्र्यूज व पिअर्सन यांस तिकडे धाडलें. येथेंच गुरुशिष्यांत मतभेद झाला. सरकारनें नेमलेल्या चौकशी मंडळाशीं सहकार्य करावें, असें गोखल्यांचें मत होतें. मंडळावर हिंदी लोकांच्या विश्वासाचा एकहि सभासद नसल्यामुळें त्यापुढें साक्ष द्यावयाची नाहीं, अशी शपथ तेथील लोकांनीं घेतली होती. गांधींनीं गुरूचें मत मानलें नाहीं. गोखल्यांस वाईट वाटलें. पण त्यांनीं साहाय्याचा हात आंखडता घेतला नाहीं.

मला या मतभेदाचें मोल सर्व व्याख्यानांहून अधिक वाटतें. दुरून शिकविणाऱ्यानें काय करावें व काय करूं नये, याचा तो वस्तुपाठ आहे. सल्ला द्यावा, साधनें पुरवावीं. परंतु ज्याच्या दाराशीं भांडण उभें आहे, निर्णय त्याचा. शिष्यानेंहि आपली पात्रता लगेच सिद्ध केली. इ. स. १९१४ च्या जानेवारींत गोऱ्या रेल्वे कामगारांनीं संप पुकारून सरकारला पेंचांत धरलें, तेव्हां शत्रूच्या अडचणीचा फायदा घ्यावयाचा नाहीं म्हणून गांधींनीं आपली नियोजित कूच तहकूब केली. त्यानंतर जनरल स्मट्सशीं बोलणीं सुरू झालीं, आणि जूनमध्यें झालेल्या कायद्यानें तीन पौंडांचा कर गेला व हिंदी विवाहांस मान्यता मिळाली.

गोष्ट येथें संपविली तर ती गोड होईल, परंतु खरी होणार नाहीं. ज्या भूमीवर ही शाळा भरली, त्या भूमीचे मूळ रहिवासी तिच्या बांकांवर नव्हते. गांधींच्या आरंभींच्या लिखाणांत आफ्रिकी लोकांविषयीं तुच्छतेचे उद्गार आहेत, हें आज कोणीहि अभ्यासक नाकारीत नाहीं. पुढें त्यांची दृष्टि बदलली, हेंहि तितकेंच खरें. फिनिक्सपासून पायीं जाण्याइतक्या अंतरावर जॉन ड्यूब या झुलू शिक्षकाची ओहलांगे ही शाळा होती. हेच ड्यूब इ. स. १९१२ मध्यें आफ्रिकी लोकांच्या काँग्रेसचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत गोखले त्यांच्या शाळेस भेट देऊन आले. दोन शेजारी, दोन छापखाने, दोन शाळा. परंतु लढे मात्र निरनिराळे! पुणें व फिनिक्स यांमध्यें तारा धांवत होत्या, आणि फिनिक्स व ओहलांगे यांमधील पायवाट रिकामी होती. या रिकाम्या पायवाटेची किंमत पुढें मोजावी लागली. इ. स. १९४९ च्या जानेवारींत डर्बन येथें आफ्रिकी व हिंदी लोकांत दंगल उसळून १४२ माणसें मेलीं. इ. स. १९८५ च्या ऑगस्टांत त्याच भागांतील दंगलींत खुद्द फिनिक्सची वसाहत जळाली.

तथापि दुरून घेतलेल्या विद्येनें शत्रूकडे जाणारी वाट उघडल्याचें उदाहरणहि त्याच देशांत आहे. दक्षिण आफ्रिका विद्यापीठानें इ. स. १९४६ मध्यें पत्रद्वारा अध्यापन सुरू केलें. रॉबेन बेटावरील तुरुंगांत राजकीय कैद्यांना परवानगीनें अशा परीक्षांचा अभ्यास करतां येई. नेल्सन मंडेला यांनीं तेथें अठरा वर्षें काढलीं. कायद्याच्या अभ्यासाबरोबर त्यांनीं आफ्रिकान्स ही आपल्या तुरुंगाधिकाऱ्यांची भाषा व त्यांचा इतिहास अभ्यासला, आणि इतर कैद्यांनाहि तसें करण्यास सांगितलें. जुलूम करणाऱ्याची भाषा शिकावयाची कशाला, असें तरुणांना वाटे. एक दिवस त्याच्याशीं बोलावें लागेल म्हणून, हें त्यावर उत्तर होतें. लपवून लिहिलेल्या आत्मचरित्राचीं पानें सांपडल्यामुळें त्यांचा अभ्यासाचा हक्क चार वर्षें काढून घेण्यांत आला. कायद्याची पदवी त्यांनीं अखेर इ. स. १९८९ मध्यें, अजून बंदिवासांत असतांनाच, त्याच विद्यापीठांतून मिळविली. २७ एप्रिल १९९४ रोजीं आपल्या आयुष्यांतील पहिलें मत टाकण्यासाठीं त्यांनीं जागा निवडली ती ओहलांगे! ड्यूब यांची समाधि तेथेंच आहे.

त्याच एप्रिलांत त्याच खंडांत रुआंडा देशीं मात्र कत्तल चालली होती. शंभर दिवसांत सुमारें आठ लक्ष माणसें मारलीं गेलीं, आणि शेजाऱ्यांना शेजाऱ्यांवर घालण्याचें काम एका नभोवाणी केंद्रानें अहोरात्र केलें. दुरून द्वेषहि शिकवितां येतो, याचा याहून भयंकर पुरावा नको. दहा वर्षांनीं, इ. स. २००४ मध्यें, त्याच देशांत 'मुसेकेवेया' ही नभोवाणी कथामाला सुरू झाली. दोन कल्पित गांवें, त्यांतील वैर आणि हळूहळू होणारी समेट, असा तिचा विषय. एका विदुषीनें वर्षभर गांवोगांवच्या श्रोतृमंडळांचा अभ्यास केला. लोकांचीं मनांतलीं मतें फारशीं बदललीं नव्हतीं. पण आपल्या समाजांत काय शोभतें, याविषयींची त्यांची समजूत बदलली होती, आणि वागणूकहि. अखेरीस या मंडळांस मालिकेच्या ध्वनिफिती भेट दिल्या, तेव्हां त्या एकट्या पुढाऱ्याच्या हातीं न देतां सर्वांनीं मिळून सांभाळाव्या, असा विचार ही कथामाला ऐकणाऱ्यांत पुढें आला. फिनिक्सचें पत्र भोंवतीं बसून ऐकणाऱ्या मंडळींची येथें वाचकांस आठवण होईल.

सारांश, पहिल्या आक्षेपास उत्तर आहे, पण तें अर्धें आहे. सलोखा कागदावरून शिकतां येतो. मात्र पाठ ऐकणाऱ्याच्या भाषेंत हवा, तो घेण्यास सोबती हवेत, शिकविणाऱ्यानें निर्णय आपल्या हातीं ठेवूं नये, आणि शिकणाऱ्यानें तो धडा सर्वांत जवळच्या परक्याकडे नेला पाहिजे. शेवटची अट सर्वांत अवघड. भारत आणि आफ्रिकेंतील देश यांना शिक्षणासाठीं जोडणारें विद्युत्‌जाल इ. स. २००९ मध्यें सुरू झालें. आपल्याकडे नाशिकचें मुक्त विद्यापीठ इ. स. १९८९ पासून खेड्यापाड्यांत पोंचलें आहे. गांधीविचार व शांति या विषयांत घरबसल्या पदवी घेण्याचीहि सोय आज आहे. तारा आहेत, पुस्तकें आहेत. पायवाटेचें काय?

वैनगंगेचा पूर ओसरला कीं कारध्याचा जुना पूल पुन्हां वर येतो. त्याचा उपयोग मात्र कोणी तरी घरांतून निघून पलीकडे जाईल तेव्हांच.