सायकलींचा देश कसा घडला?

रविवारची मिस्सा संपली, की चर्चच्या आवारात मोटारगाड्यांची दाटी होते. पायी वा सायकलीने सहज यावे, एवढ्या अंतरावरची कुटुंबेही गाडीनेच येतात. कारण विचारावे, तर पालक सांगतात की, मुलांच्या हाती सायकल देऊन त्यांना रस्त्यावर सोडण्याची भीती वाटते. ही भीती खोटी नाही. मात्र त्यापुढे कोणीतरी म्हणते, ‘हॉलंडची गोष्ट वेगळी. तिथली जमीन सपाट आणि सायकल त्या लोकांच्या रक्तातच!’ या विधानाला इतिहासाचा पुरेसा आधार नाही, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी नेदरलँड्समध्ये सायकल हे सर्वसामान्यांचे वाहन होते, हे खरे. परंतु १९५० नंतर समृद्धी आली आणि तिच्यासोबत घरोघरी मोटार आली. रस्ते रुंद करण्यासाठी जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या, गावचौकांचे वाहनतळ झाले आणि सायकलींची संख्या रोडावत गेली. जमीन तेव्हाही सपाटच होती! १९६५ साली लुड स्किमेलपेनिंक व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी ॲम्स्टरडॅममध्ये सर्वांनी मोफत वापराव्यात अशा पांढऱ्या सायकलींची योजना मांडली, पण नगरपालिकेने ती स्वीकारली नाही.

या प्रगतीची किंमत लवकरच कळून आली. १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात ३,००० हून अधिक माणसे रस्त्यांवर मरण पावली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. पत्रकार व्हिक लांगेनहॉफ यांची शाळेत निघालेली मुलगी अशाच एका अपघातात दगावली. १९७२ साली त्यांनी ‘दे टाइड’ या दैनिकात लेख लिहिला आणि त्याला मथळा दिला, ‘बालहत्या थांबवा’. हे दैनिक १८४५ साली एका कॅथोलिक धर्मगुरूने सुरू केले होते, हे आमच्या वाचकांना जाणून घ्यायला आवडेल. लांगेनहॉफ यांनी योजलेला डच शब्द बेथलेहेमातील निष्पाप बालकांच्या वधासाठीही वापरला जातो. हेरोदाचे नाव न घेताही त्या शब्दाने वाचकांच्या मनाला जी टोचणी लावली असेल, तिची कल्पना आपण ख्रिस्ती माणसे सहज करू शकतो.

त्या मथळ्याचेच नाव घेऊन चळवळ उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्षा मार्त्ये फान पुटन या तरुण माता होत्या. पालकांनी मुलांना खेळता यावे म्हणून रस्ते बंद केले, रस्त्यातच टेबले मांडून शेजाऱ्यांसह पंगती केल्या. इतक्यात ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले. ४ नोव्हेंबर १९७३ पासून जानेवारी १९७४ पर्यंत तेथे ‘मोटारविरहित रविवार’ पाळले गेले. महामार्गांवर मुले चाकांच्या बुटांवर धावू लागली. रस्ता म्हणजे केवळ मोटारींची मालमत्ता नव्हे, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

पुढचे काम मात्र चिकाटीचे होते. १९७५ साली सायकलस्वारांची संघटना स्थापन झाली. हेग व टिलबर्ग येथे सरकारी खर्चाने नमुन्याचे सायकलमार्ग बांधले गेले. गिऱ्हाईक जाईल या भीतीने हेगमधील दुकानदारांनी विरोध केला. शिवाय एकच सुरेख मार्ग बांधून सायकलस्वार वाढत नाहीत, असेही आढळले. घरापासून शाळा, बाजार, स्थानक यांपर्यंत मार्गांचे अखंड जाळे हवे, हा धडा १९८० च्या दशकात डेल्फ्ट शहराने घालून दिला.

आज त्या देशात माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत. याचा अर्थ मोटार हद्दपार झाली, असा नव्हे. सुमारे १ कोटी ८० लाख लोकांमागे तेथे ९० लाखांहून अधिक मोटारी आहेत. लांबच्या प्रवासाला मोटार आणि जवळच्या कामाला सायकल, असा विवेक तेथे रुजला आहे. २०२३ साली रस्त्यांवरील मृत्यूंची संख्या ६८४ होती. त्यांपैकी २७० सायकलस्वार होते आणि त्यांत वृद्धांचा वाटा मोठा होता. म्हणजे काम अजून संपलेले नाही. तरीही १९७१ शी तुलना केली, तर किती घरे शोकातून वाचली, हे उघड होते.

आमच्या पालकांना वाटणारी भीती त्या डच पालकांनाही वाटत होती. आपण त्या भीतीपोटी मुलांना गाडीत बसवतो आणि प्रत्येक नव्या गाडीगणिक दुसऱ्याच्या मुलासाठी रस्ता अधिक धोक्याचा करतो. त्यांनी त्याच भीतीपोटी एकत्र येऊन रस्ता बदलण्याची मागणी केली. एका शोकग्रस्त पित्याने आपले दुःख घरापुरते न ठेवता सर्वांच्या मुलांसाठी वापरले, तेथून या इतिहासाला वळण मिळाले. येत्या रविवारी गाडीची किल्ली हाती घेताना आपण सर्वांनी एवढे आठवावे.