न झालेल्या दंगलीचा इतिहास

वाचकहो, दंगल झाली की तिचा इतिहास लिहिला जातो. चौकशी आयोग नेमला जातो, साक्षी होतात, मृतांची व जळालेल्या घरांची मोजदाद होते. परंतु जी दंगल झालीच नाही तिचा इतिहास कोणी लिहीत नाही. वस्तुतः शिकण्यासारखे पुष्कळसे त्यातच असते. असाच एक इतिहास आज आपणापुढे मांडावयाचा आहे. तो भिवंडी शहराचा आहे.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे मागाच्या खडखडाटावर जगणारे गाव. येथील जुने रहिवासी म्हणजे मराठी हिंदू आणि कोकणी मुसलमान. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील विणकरांवर हलाखीचे दिवस आले, आणि मोमीन-अन्सारी कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. कोणी मालेगावला स्थिरावले, कोणी आपल्या विदर्भात कामठीला, तर कोणी भिवंडीला. पुढे हातमाग जाऊन यंत्रमाग आले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांची पद्मानगर ही वस्ती आजही आहे. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कापडाचे काम आणखी मोठ्या प्रमाणावर यंत्रमागांकडे वळले. कामामागून माणसे आली. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे, घरदार हजार मैलांवर ठेवून आलेले तरुण गावात वाढले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाहेरून पाहणारा म्हणतो, 'भिवंडीत दोन समाज आहेत.' प्रत्यक्षात कोकणी मुसलमानाची बोली, पोशाख, लग्नाच्या चालीरीती वेगळ्या आणि आझमगडकडून आलेल्या अन्सारीच्या वेगळ्या. तेलुगू विणकर हिंदू खरा, पण मराठी शेजाऱ्याशी त्याचे बोलणे हिंदीत. म्हणजे हे गाव अनेक परक्यांचे होते. रोज एकमेकांना पाहणारे, परंतु एकमेकांना न ओळखणारे! अशा गावात अफवेला फार लांब जावे लागत नाही.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव व महाड येथील दंगलींची चौकशी केली. एकट्या भिवंडीत ७८ माणसे प्राणास मुकली होती. चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, पुन्हा आग लागली. या वेळी ती भिवंडीपुरती राहिली नाही. ठाणे व मुंबई मिळून अडीचशेहून अधिक माणसे मेली. भिवंडी म्हणजे दंगल, असे समीकरणच होऊन बसले.

१९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी प्रथम १९८४ च्या दंगलीचा अभ्यास केला. पोलिसांची नेहमीची रीत अशी की सण जवळ आला म्हणजे शांतता समितीची बैठक घ्यावयाची. तिला पुढारी, प्रतिष्ठित व्यापारी यायचे, भाषणे व्हायची, चहा व्हायचा आणि मंडळी घरी जायची. गल्लीत राहणाऱ्या माणसाचा तिच्याशी काही संबंध नसे. खोपडे यांनी हा क्रम उलटा केला. शहरात सुमारे ७० मोहल्ला समित्या स्थापन केल्या. त्यांत उभय समाजांची सामान्य माणसे बरोबरीने घेतली. पुढारी आणि गुंड यांना दूर ठेवले. प्रत्येक समितीची जबाबदारी पोलीस ठाण्यातील एकेका कर्मचाऱ्यावर सोपवली. साहेबांनी येऊन उपदेश करायचा नव्हता. शिपायाने मोहल्ल्यात बसायचे होते.

आणि बैठकीत बोलणे कशावर? सलोखा, बंधुभाव, राष्ट्रीय एकात्मता यांवर फारसे नाहीच. नळ, गटार, नवराबायकोची भांडणे, घरमालक-भाडेकरूचे तंटे, दारूचा गुत्ता. म्हणजे ज्या गोष्टींनी माणसाचा दिवस वाया जातो त्या गोष्टी. या लहान कामांतून शिपायाला मोहल्ल्यातील माणसे नावाने कळू लागली, आणि मोहल्ल्याला शिपाई. त्याहून महत्त्वाचे असे की एका मोहल्ल्यातील अन्सारीला शेजारच्या आळीतील मराठी गृहस्थ नावानिशी ठाऊक झाला. पुढे अफवा उठली तर कोणाकडे जाऊन विचारायचे, हे दोघांनाही माहीत झाले.

याची परीक्षा लवकरच झाली. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबर व जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार तेथे ९०० माणसे मरण पावली. मुंबईच्या उशालगत असलेल्या, दोनदा होरपळलेल्या भिवंडीत सर्वांना भीती होती ते घडले नाही. भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे या विषयावर पुस्तक लिहिले त्याचे नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असे आहे. आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञांनी हिंदू-मुस्लिम संबंधांवरील आपल्या २००२ च्या ग्रंथात भिवंडीची दखल घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, नुसता शेजार अफवेच्या वादळात टिकत नाही. ज्या संस्थांत दोन्ही समाजांची माणसे एकत्र काम करतात, त्या टिकतात.

भिवंडीच्या अनुभवावरून मुंबईतही १९९४ मध्ये मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांचा तीत पुढाकार होता.

वाचकहो, ही गोष्ट येथेच थांबवली असती तर गोड झाली असती. परंतु इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे तर जुलै २००६ सांगितला पाहिजे. कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून भिवंडीत वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे ठार झाले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांचा जीव घेतला. ज्या गावी शिपाई मोहल्ल्यात बसत असे त्याच गावी हे घडले! समित्यांचे पूर्वीचे सातत्य उरले नव्हते, असे तेव्हा अनेकांनी बोलून दाखवले. अधिकारी बदलतात, नव्याला नवी कामे असतात, बैठक आठवड्याची महिन्यावर जाते आणि महिन्याची कागदावर. विहिरीतील गाळ दरवर्षी काढावा लागतो. एकदा काढला म्हणून पुढच्या पिढीला पाणी मिळत नाही.

परदेशातही हाच अनुभव आहे. डेन्मार्कमधील आर्हुस शहरातून २०१३ साली तीसेक तरुण सीरियाच्या युद्धात गेले. त्यांत बहुतेक स्थलांतरित कुटुंबांतील मुले होती. तेथील पोलीस, नगरपालिका व शाळा यांनी मुलांशी, पालकांशी आणि मशिदीच्या मंडळींशी बोलणे वाढवले. वाट चुकू पाहणाऱ्या मुलामागे एक जाणता सोबती दिला, त्याच्या शिक्षणाची व नोकरीची सोय पाहिली. पुढील वर्षी जाणाऱ्यांची संख्या एक-दोनवर आली. भिवंडीचा शिपाई आणि आर्हुसचा सोबती यांचे काम मुळात एकच. माणूस एकटा पडण्याआधी त्याच्याजवळ बसणे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. आपणांस वाटेल, यवतमाळचा याच्याशी काय संबंध? वणी-राजूर भागातील कोळसा खाणींवर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली कुटुंबे आहेत. आपली माणसेही पुसद-उमरखेड भागातून ऊसतोडीला जातात, पुण्या-मुंबईत परकी म्हणून राहतात. आणि २५ सप्टेंबर २०१५ रोजी, बकरी ईदच्या दिवशी, पुसद येथे मशिदीबाहेर बंदोबस्तावरील पोलिसांवर चाकूहल्ला झाला. २०१९ मध्ये अकोल्याच्या विशेष न्यायालयाने हल्ल्याबद्दल एकास शिक्षा दिली. दहशतवादाच्या आरोपातून मात्र तिन्ही आरोपींना मुक्त केले. या निकालाचे दोन्ही भाग आपण वाचले पाहिजेत. तरुणाच्या हाती चाकू येण्यापूर्वी कोणीतरी त्याच्याशी बोलावयास हवे होते. आणि संशयाचे सावट ज्यांच्यावर जवळजवळ चार वर्षे राहिले, त्यांच्या घरच्यांचे काय झाले असेल याचाही विचार हवा. खटला उभा राहतो तेव्हा समाजाला उशीर झालेला असतो.

मग करावयाचे काय? नवी योजना मागण्याची गरज नाही. राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिच्या समित्या गावोगावी स्थापन झाल्या. आपल्या गावची समिती शेवटची कधी बसली, तीत बाहेरून आलेल्यांपैकी कोणी आहे का, हे प्रत्येकाने विचारावे. शाळांनीही आपले पाहावे. खाणीवरील मजुराचे मूल वर्षाच्या मध्येच दारात येते, त्याला मराठी येत नाही, दाखला अपुरा असतो. त्याला परत पाठवणे सोपे असते. पण तोच त्या कुटुंबाचा या गावाशी पहिला संबंध असतो. उर्दू शाळेतील मुलाने चांगली मराठी शिकावी, म्हणजे बाजारात, बँकेत, पोलीस ठाण्यात त्याला दुसऱ्याच्या तोंडाने बोलावे लागणार नाही. पालकसभेत आईवडिलांना केवळ गुणपत्रिकेवर सही करण्यास बोलावू नये. त्यांच्या मोहल्ल्यातील अडचण विचारावी.

भिवंडीने आपल्याला दोन धडे दिले. १९९२ चा धडा असा की सामान्य माणसे नळ-गटाराच्या निमित्ताने एकत्र बसत राहिली तर मोठे वादळही ओसरते. २००६ चा धडा असा की बसणे थांबले तर आधीची पुण्याई पुरत नाही. पहिला धडा आपल्याला आवडतो. पाळावयाचा आहे तो दुसरा.