ताऱ्यावरचा भडका

अंबाजोगाईहून परळी जेवढी दूर, साधारण तेवढ्या, म्हणजे २० किलोमीटर व्यासाचा एक गोळा कल्पावा. वस्तुमान मात्र सूर्याहूनही अधिक. हा न्यूट्रॉन तारा.

१९७५ साली धनु राशीतील एका तारकागुच्छातून उठलेला क्ष-किरणांचा भडका एका डच उपग्रहाने टिपला. काही सेकंदांत तो विझला, काही तासांनी पुन्हा उठला. तेथे कृष्णविवर तर नसेल, अशी शंका प्रथम घेतली गेली. पण लवकरच उलगडा झाला. शेजारच्या ताऱ्यातील हायड्रोजन व हेलियम वायू न्यूट्रॉन ताऱ्यावर ओढला जाऊन थराथराने साचतो. दाब व उष्णता वाढून तो एकाएकी पेटतो. हायड्रोजन बाँबमध्ये अणुकेंद्रे जुळतात, तशीच येथेही जुळतात. कृष्णविवराला पृष्ठभागच नाही. मग सरपण साचावे कोठे?

२८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताचा ॲस्ट्रोसॅट उपग्रह अवकाशात गेला. त्यावरील, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेल्या उपकरणाने २०१६ मध्ये दुसऱ्या एका ताऱ्यावरील भडक्यात सेकंदाला ३६३ वेळा होणारी चमक मोजली. ती त्या ताऱ्याची गिरकी होय!

ज्या अग्नीचे मनुष्याने अस्त्र केले, त्याच अग्नीने आकाशातील हा वाद मिटविला.