ट्रोपोनिन वाढलं म्हणजे हार्ट अटॅकच का? सेप्सिसच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी माहिती

शुगर असलेल्या अब्बांच्या पायाला जखम होते, ती चिघळते, थंडी वाजून ताप येतो आणि दोन दिवसांत त्यांना आयसीयूत न्यावं लागतं. तिथे रिपोर्ट येतो : ट्रोपोनिन वाढलेलं. लगेच कुणीतरी म्हणतं, "अटॅक आलाय, पुण्याला हलवा." असा प्रसंग कोणत्याही घरावर येऊ शकतो. म्हणून या तपासण्यांची माहिती आम्ही सोप्या शब्दांत देत आहोत.

सेप्सिस म्हणजे काय?
जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचा तोल बिघडतो आणि आपल्याच अवयवांना इजा होऊ लागते, त्याला सेप्सिस म्हणतात. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, पोटातला पू, शुगरवाल्यांच्या पायाची जखम ही नेहमीची कारणं. बीपी फार खाली गेलं आणि सलाईन देऊनही सावरलं नाही, तर तो सेप्टिक शॉक असू शकतो.

ट्रोपोनिन
हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी बंद पडून ही इजा होते. सेप्सिसमध्ये वाहिनी मोकळी असूनही ती होऊ शकते : बीपी कमी, ठोके जलद, ऑक्सिजन अपुरा, शिवाय रक्तातल्या दाहक पदार्थांचा मारा. किडनी मंदावली तरी आकडा वर राहतो. म्हणजे ट्रोपोनिन इजा झाल्याचं सांगतं, कारण सांगत नाही.

कारण शोधायला डॉक्टर ईसीजी काढतात, काही तासांनी ट्रोपोनिन पुन्हा तपासतात आणि टूडी इको करतात. संसर्गाच्या काळात खरा अटॅकही येऊ शकतो, त्यामुळे छातीत दुखणं किंवा ईसीजीतला बदल दुर्लक्षून चालत नाही. पण अटॅक नसताना रक्त पातळ करणारी औषधं दिली, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. सेप्सिसमध्ये प्लेटलेट आधीच कमी झालेल्या असू शकतात.

बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी
हृदयावर ताण आला, ते ताणलं गेलं की हे वाढतात. मात्र वय आणि किडनीचा आजार यांनीही आकडा चढतो. सलाईन किती सोसेल हे ठरवताना डॉक्टर हा आकडा एकटा धरत नाहीत, इको आणि श्वासाची स्थितीही पाहतात.

लॅक्टेट आणि प्रोकॅल्सिटोनिन या हृदयाच्या तपासण्या नाहीत. पहिली अवयवांना रक्त नीट पोहोचतंय का याचा अंदाज देते, दुसरी जिवाणूंच्या संसर्गाचा.

हृदय सावरतं का?
अनेकांचं सावरतं. 1984 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सेप्टिक शॉकमधून वाचलेल्या रुग्णांच्या हृदयाची कमी झालेली ताकद साधारण 7 ते 10 दिवसांत परतल्याचं दिसलं. तरी ट्रोपोनिन वाढलेल्या रुग्णांना धोका जास्त असतो. आकडा खाली आणणारं वेगळं औषध नाही. वेळेवर अँटिबायोटिक, सलाईन, बीपी सांभाळणारी औषधं आणि पू काढून टाकणं, हाच इलाज.

घरच्यांनी काय करावं?
सोलापूर ते पुणे सुमारे 250 किलोमीटर. हलवण्याआधी विचारा : अँटिबायोटिक सुरू झालं का? बीपी स्थिर आहे का? ईसीजी आणि इको काय सांगतात? वाहिनी बंद असल्याचा संशय आहे का? उत्तरं मिळाल्यावरच निर्णय घ्या.

तापासोबत धाप, बडबड किंवा गुंगी, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं दिसलं तर घरी थांबू नका. 108 ला फोन करा किंवा सिव्हिल हॉस्पिटल गाठा. रमजान असला तरी आजाऱ्याला रोजाची सवलत आहे, औषध-पाणी थांबवू नका.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.