चकमक : एका शब्दाचा इतिहास

‘चकमक’ हा आपल्या भाषेतला जुना शब्द. आगपेटी घरोघर येण्यापूर्वी चुलीतला विस्तव विझला, की गारगोटीवर पोलादाचा तुकडा आपटून ठिणगी पाडीत. त्या साधनाला चकमक म्हणत. पुढे दोन सैन्यांच्या तुकड्या अवचित समोरासमोर आल्या आणि झटापट झाली, तर तिलाही चकमक म्हटले जाऊ लागले. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान होती : ठिणगी पडायला दोन वस्तू लागत. १९८० नंतर मुंबईच्या वृत्तपत्रांनी या शब्दाला तिसरा अर्थ दिला, आणि त्या अर्थात दुसरी बाजू असतेच असे नाही.

त्या बातम्यांचा साचा वाचकांना ठाऊक आहे. पोलिसांना खबर मिळते, सापळा रचला जातो, आरोपीला शरण येण्यास सांगण्यात येते, तो गोळी झाडतो, पोलीस स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर देतात, आणि रुग्णालयात नेल्यावर डॉक्टर त्याला मृत घोषित करतात. मृताचे नाव व घटनेचे ठिकाण तेवढे बदलते. संतांच्या विनवण्यांत नाव बदलते आणि प्रतिसाद तोच राहतो; तसेच हे. फरक एवढाच, की इथे प्रतिसाद देणारे आपण सारे नागरिक असतो आणि तो प्रतिसाद बहुधा ‘बरे झाले’ असा असतो.

महाराष्ट्र राज्याचा जन्मच मुळी पोलिसांच्या गोळीबारावरील वादात झाला, याचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या परिसरात जमलेल्या निदर्शकांवर गोळीबार झाला आणि पंधरा माणसे मेली. जानेवारी १९५६ मध्ये त्याहून मोठा रक्तपात झाला. १०५ हुतात्मे ही संख्या तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी बसली. मोरारजी देसाई त्यावेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, ही मागणी सभांतून आणि वृत्तपत्रांतून झालीच, परंतु ती केंद्रीय मंत्रिमंडळातही झाली. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ च्या जुलैत राजीनामा दिला. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा निर्णय हे त्याचे प्रमुख कारण. पण गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, हाही त्यांचा आक्षेप होता. देशाचा अर्थमंत्री केवळ आकडेमोडीचा माणूस नव्हता. सरकारने झाडलेल्या गोळीचा हिशेबही सरकारने दिला पाहिजे, असे तो मानीत होता. आज आपण हुतात्मा चौकात फुले वाहतो, पण चौकशीच्या त्या मागणीची आठवण क्वचितच काढतो.

पुढच्या पंचवीस वर्षांत मुंबई बदलली. तस्करी वाढली, मग खंडणीखोरी आली. गिरण्यांचा संप १९८२ मध्ये सुरू झाला आणि बेकार तरुणांचे तांडे टोळ्यांच्या हाती अलगद लागले. त्याच वर्षी ११ जानेवारीला वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबईतली ही पहिली ‘चकमक’ असे सांगण्याची प्रथा आहे. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलात भर दिवसा काही तास गोळीबार चालला आणि सात जण मारले गेले. रस्त्यावर बघ्यांची गर्दी होती. चित्रपटवाल्यांनी पुढे त्याचा चित्रपट काढला. त्याआधीच, २००४ मध्ये, दुसऱ्या एका चित्रपटाने अशा अधिकाऱ्याने मारलेल्यांची संख्याच आपले शीर्षक म्हणून मिरवली होती. ‘चकमकफेम’ हे विशेषण मराठी पत्रकारितेत रूढ झाले आणि ते वापरताना कुणाचा हात अडखळला नाही.

तथापि लोकांच्या या समाधानाला केवळ क्रौर्य म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. खंडणीच्या धमकीने ज्याच्या घरातली झोप उडाली, त्याला कायद्याची कलमे ऐकवणे सोपे नसते. उत्तर वसईतल्या आमच्या वाचकांना १९८० आणि ९० च्या दशकांतले दिवस सांगायला नकोत : जमिनींवर डोळा ठेवून फिरणारी माणसे, सही कर नाही तर बघ अशी भाषा, आणि तक्रार घेऊन गेले तर ठाण्यात मिळणारी थंड वागणूक. साक्षीदार फुटतात, खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, जामीन होतो आणि गुंड पुन्हा त्याच नाक्यावर उभा राहतो. अशा वेळी गोळीने निकाल लागला, तर पीडिताला सुटल्यासारखे वाटते. हे आम्ही नाकारीत नाही. मात्र त्याच काळात दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या झेंड्याखाली मोर्चे, सभा, निवेदने यांच्या मार्गाने उभे राहिले, हाही इतिहास आहे. भीतीला उत्तर देणारे लोक होते आणि त्यांच्या हातात पिस्तूल नव्हते.

१९९७ साली या प्रश्नाला न्यायालयात तोंड फुटले. त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील काही मृत्यूंविषयी मुंबई उच्च न्यायालयात याचिका आल्या. एका प्रकरणात पोलिसांच्या मते मृत माणूस कुप्रसिद्ध गुंड होता. घरच्यांच्या मते तो शेंगदाणे विकून पोट भरणारा भलताच माणूस होता. न्यायालयाने चौकशीचे काम नगर दिवाणी व सत्र न्यायालयाचे प्रधान न्यायाधीश ए. एस. आगियार यांच्याकडे सोपविले. या चकमकी खऱ्या नव्हत्या, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९९९ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो स्वीकारला नाही. मात्र पुढील काळासाठी काही मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. याचिकाकर्ती नागरी हक्कांची संघटना, पीयूसीएल, सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९५ ते १९९७ या काळातील सुमारे ९९ चकमकी आणि त्यांत मेलेली सुमारे १३५ माणसे असा त्या प्रकरणाचा आवाका होता. निकाल लागला २३ सप्टेंबर २०१४ रोजी. सरन्यायाधीश लोढा व न्यायमूर्ती नरिमन यांनी सोळा नियम सांगितले. खबर मिळाली तर तिची नोंद करा, मृत्यू घडला तर गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्या ठाण्याच्या किंवा सीआयडीच्या स्वतंत्र पथकाकडे द्या, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करा, नातेवाइकांना कळवा, शस्त्रे तपासणीला द्या. आणि शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत बढत्या व पदके देऊ नका. हा शेवटचा नियम वाचला, की आधी काय चालत असेल याची कल्पना येते.

तसे पाहता या नियमांत फारसे नवे नव्हते. अटक करताना आवश्यक तेवढेच बळ वापरावे आणि ज्याच्यावर मृत्युदंडाच्या वा जन्मठेपेच्या अपराधाचा आरोप नाही, त्याला मारण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही, हे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत इंग्रजांनीच लिहून ठेवले होते. १९७३ च्या संहितेने ते उचलले आणि २०२३ च्या नव्या संहितेतही ते आहे. स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसाला आहेच, जसा तो तुम्हा-आम्हाला आहे. त्याहून अधिक नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९७ मध्ये, न्यायमूर्ती व्यंकटचलय्या अध्यक्ष असताना, राज्यांना पत्र लिहून नेमके हेच कळविले होते.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात हा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. इ.स. ३९० मध्ये थेस्सलोनिका नगरात जमावाने बुथेरिक नावाच्या सेनाधिकाऱ्याला ठार केले. निमित्त क्षुल्लक : लोकांच्या लाडक्या सारथ्याला त्याने तुरुंगात टाकले होते. सम्राट थिओडोसियस संतापला. त्याच्या सैनिकांनी नगरवासीयांची सरसकट कत्तल केली. थिओडोरेट हा इतिहासकार मृतांची संख्या सात हजार देतो. अपराधी कोण, निरपराध कोण, हे कुणी विचारले नाही. मिलानचे बिशप संत आंब्रोज यांनी सम्राटाला पत्र लिहिले. बिशपांनी सम्राटाला मंदिराच्या दारातच अडविले, हे चित्रकारांचे आवडते दृश्य नंतरच्या कथाकारांनी रंगविलेले असावे. पत्र मात्र खरे आहे, आणि आम्हाला ते अधिक धैर्याचे वाटते. प्रायश्चित्त केल्याशिवाय आपल्यासमोर मिस्साबली अर्पण करता येणार नाही, असे त्यांनी जगाच्या धन्याला कळविले. थिओडोसियसने राजचिन्हे उतरवून लोकांसमोर प्रायश्चित्त केले आणि त्या वर्षीच्या नाताळात त्याला पुन्हा ख्रिस्तप्रसाद मिळाला. मृत्युदंडाचा हुकूम आणि त्याची अंमलबजावणी यांत तीस दिवसांचे अंतर ठेवणारा कायदाही परंपरा याच घटनेशी जोडते. तीस दिवस कशासाठी? संताप निवावा आणि चूक असेल तर ती उमगावी, एवढ्यासाठी. चकमकीत नेमके हे तीस दिवस नसतात.

संत थॉमस अक्वायनस यांनी याच विषयाला हात घातला नाही असे नाही. सेमिनरीत ‘सुम्मा’चा तो भाग आम्हाला मुद्दाम शिकविला जाई. स्वतःचा जीव वाचविताना हल्लेखोराचा जीव गेला, तर ते पाप नव्हे. परंतु आवश्यकतेहून अधिक बळ वापरले, तर ती कृती अन्याय्य ठरते. त्याच्याही आधी, योहानाच्या शुभवर्तमानात, निकदेम आपल्या सहकाऱ्यांना विचारतो, की माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरविते काय? उत्तरादाखल त्याची टर उडविली गेली.

आता २००६ सालाकडे वळू. ११ नोव्हेंबरला वाशीहून एका माणसाला उचलण्यात आले आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यातील नाना-नानी पार्कजवळ तो ‘चकमकीत’ मेल्याचे सांगण्यात आले. त्याच्यावर गुन्हे होते, तो साधू नव्हता. पण त्याचा भाऊ वकील होता. भावाला उचलून नेल्याचे कळताच त्याने त्या दुपारी वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठविले. मृत्यूची वेळ नंतरची, तारांची आधीची. पुढे सारा खटला ज्या पुराव्यांवर उभा राहिला, त्यांत या तारा होत्या. दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, २००९ मध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमले. मार्च २०११ मध्ये, साक्षीच्या तोंडावर, महत्त्वाचा साक्षीदार बेपत्ता झाला आणि पुढे त्याचे प्रेत सापडले. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप दिली. त्यांत १३ पोलीस होते. (त्याच आठवड्यात भारतीय तारसेवा कायमची बंद झाली.) सुटलेल्या एका प्रसिद्ध अधिकाऱ्याला उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दोषी ठरविले आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. याच खटल्यातील जामिनाच्या प्रश्नावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की बनावट चकमक करणाऱ्या पोलिसांना फाशीच द्यावी. संतापामागची कळकळ आम्हाला समजते. परंतु मृत्युदंड कुणालाही नको, ही ख्रिस्तसभेची भूमिका पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट केली आहे, आणि ती पोलिसालाही लागू पडते.

हे वाचून आमच्या धर्मग्रामांतील पोलीस कुटुंबे दुखावतील काय? तसे होऊ नये. ज्यूलिओ रिबेरो हे आपल्याच समाजातले. १९८२ ते ८५ मुंबईचे पोलीस आयुक्त, नंतर पंजाबात दहशतवादाशी झुंज, स्वतः गोळ्या झेललेले. त्यांच्या आत्मचरित्राचे शीर्षक गोळीला गोळी असे असले, तरी बनावट चकमकींविरुद्ध त्यांनी वारंवार लिहिले आहे. आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी काय केले? समोर एके-४७ होती, हातात लाठी. त्यांनी बंदुकीची नळी धरली, गोळ्या स्वतःच्या देहात घेतल्या आणि अतिरेकी जिवंत हाती लागला. त्याला वकील मिळाला, तीन न्यायालयांनी त्याचे म्हणणे ऐकले, कटाचा धागा जगापुढे उलगडला. १६६ लोकांचा बळी गेलेल्या हल्ल्यातील आरोपीलाही ज्या शहराने जिवंत पकडून न्यायासनापुढे उभे केले, त्या शहराला इतरांच्या बाबतीत हे जमत नाही असे म्हणता येणार नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका युवतीवरील अत्याचार व खुनाच्या प्रकरणातील चौघे आरोपी पोलिसांनी मारले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये सांगितले, की गोळीबार हेतुपुरस्सर होता आणि दहा पोलिसांवर खटला चालविला जावा. तोवर फुले सुकून गेली होती.

आणि बदलापूर. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराने उभा महाराष्ट्र हादरला. संतापलेल्या लोकांनी रेल्वे अडविली. तो संताप योग्यच होता. शाळेच्या आवारात लेकरू सुरक्षित नसेल, तर कुणा आईबापाचे रक्त उसळणार नाही? आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी तळोजा तुरुंगातून नेताना मुंब्र्याजवळ पोलिसांच्या वाहनात गोळी लागून मेला. सर्वोच्च न्यायालयाच्या त्या सोळा नियमांना त्या दिवशी बरोबर दहा वर्षे पूर्ण झाली होती. काही ठिकाणी पेढे वाटण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला. त्यात पाच पोलिसांना जबाबदार धरले होते. एप्रिलमध्ये न्यायालयाने विशेष पथकाकडून तपासाचा आदेश दिला. त्या दोन मुलींची साक्ष त्या आरोपीसमोर कधीच झाली नाही. त्याच्यामागे आणखी कुणाची चूक होती, ते त्याच्या तोंडून कळण्याचा मार्गही त्या वाहनात बंद झाला.

प्रेताला मूठमाती देणे हे आपल्या धर्मशिक्षणात दयेच्या कृत्यांपैकी एक म्हणून मुलांना शिकविले जाते. या माणसाच्या आईवडिलांना सहा दिवस जागा मिळाली नाही. गावोगावी विरोध झाला, उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. २९ सप्टेंबरला उल्हासनगरात, पोलीस बंदोबस्तात, दफन झाले. त्याआधी खणलेला खड्डा लोकांनी बुजविला होता. तो पुन्हा खणावा लागला.